१९३४ची रोल्स-रॉइस २०/२५ : अनेक वर्षं उभी असलेली गाडी उघडायची आहे, सुरुवात कुठून करावी?

घाटमाथा

मंडळी, १९३४ सालची रोल्स-रॉइस २०/२५, चार दारांची सलून बॉडी, सुमारे वीस वर्षं बंद गोठ्यात उभी आहे. जागा सातारा भागातली, म्हणजे पावसाळ्यात चार महिने दमट हवा. आत्तापर्यंत केलेली तपासणी अशी:

इंजिन हॅंडलने फिरत नाही. रेडिएटर कोरडा आहे, तळाशी तांबडा गाळ. ऑइल डिपस्टिकवर डांबरासारखं चिकट. ब्रेक पेडल दाबलं तर रॉड हलतात, पण हॅंडब्रेक जाम. डाव्या बाजूच्या दोन्ही दारांच्या खालच्या लाकडाला वाळवी. बॉडीचा पत्रा ॲल्युमिनियमचा दिसतो (चुंबक चिकटत नाही), मडगार्डं लोखंडी. चॅसिस नंबरची पट्टी जागेवर आहे, इंजिनाचा नंबरही वाचता येतो.

माझे प्रश्न: (१) पहिलं काम कोणतं? स्थानिक मिस्त्री म्हणतात, गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढली की इंजिन सुटेल. (२) वाळवी लागलेलं लाकूड सागवानात करावं का? (३) या गाडीचा ब्रेक सर्वो (पेडलचा जोर वाढवणारी यंत्रणा) कसा तपासतात? (४) आता पंपावर मिळणारं पेट्रोल चालेल का? (५) गाडीचा मूळ इतिहास आणि नोंदणीचं काय?

---

डर्बीचा_कारखाना

पाचव्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नंबर नीट वाचून झाल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नये असं माझं ठाम मत आहे.

२०/२५ हे मॉडेल १९२९ ते १९३६ या काळात इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यात बनलं. एकूण ३,८२७ चॅसिस निघाल्या. दोन महायुद्धांमधल्या काळात रोल्स-रॉइसचं सर्वाधिक खपलेलं मॉडेल हेच. याआधीची 'ट्वेंटी' ३,१२७ सीसीची होती. तिच्यावर जड बॉड्या चढवल्या जायच्या आणि इंजिन कमी पडायचं, म्हणून बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवून ३,६६९ सीसी केलं. बोअर सव्वातीन इंच (८२.५५ मिमी), स्ट्रोक साडेचार इंच (११४.३ मिमी), सहा सिलिंडर, व्हॉल्व्ह वर. कॉम्प्रेशन सुरुवातीला ४.६ ला १ होतं, ते टप्प्याटप्प्याने वाढत ५.७५ पर्यंत गेलं. १९३३ साली डर्बीत बनू लागलेल्या साडेतीन लिटर बेंटलीचं इंजिन याच इंजिनावरून घडवलेलं आहे. म्हणून काही भाग जुळतात. पण 'बेंटलीचं बसतं' असं म्हणून कोणी काही विकायला आलं तर आधी माप घ्या.

चॅसिस नंबर म्हणजे तीन अक्षरं आणि पुढे आकडा. पहिली मालिका जीएक्सओ, शेवटची जीटीके. इंजिनाचा नंबर स्वतंत्र असतो. दोन्ही नंबर मिळाले की इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबकडे चॅसिस कार्ड मागवा. त्यांचं कार्यालय नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावी, 'हंट हाउस' इथे आहे. कार्डांमध्ये पहिला ग्राहक, बॉडी कोणी बांधली, चॅसिस कधी रवाना झाली, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर, स्टिअरिंगचा कोन, ग्राहकाने मागितलेले खास बदल असं बरंच काही सापडतं. भारतासाठी निघालेल्या गाड्यांत धूळ आणि उष्णता लक्षात घेऊन वेगळे भाग बसवायला सांगितलेले असत, त्याचीही नोंद असते. म्हणजे तुमच्या गाडीत जे 'चुकीचं' वाटतंय ते कदाचित मूळचंच असेल.

रोल्स-रॉइस त्या काळी फक्त चॅसिस, बॉनेट आणि रेडिएटर द्यायची. बॉडी हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली, विंडोव्हर्स अशा कोचबिल्डरांकडून व्हायची. कोचबिल्डरची पट्टी बहुधा दाराच्या उंबऱ्यावर असते. पट्टी गेली असेल तर दारांच्या आतल्या कापडी पॅनेलची मागची बाजू आणि सीटखालचं लाकूड बघा. तिथे खडूने किंवा ठोकून लिहिलेला बॉडी नंबर अनेकदा शाबूत असतो. तो आकडा खरवडला जाण्याआधी फोटो काढा.

दोन गोष्टी जाता जाता. रेडिएटरवरची आरआर अक्षरं लालाची काळी झाली ती कंपनीचे सहसंस्थापक रॉइस यांच्या निधनाच्या शोकात, असं सर्रास सांगतात. रॉइस गेले २२ एप्रिल १९३३ला. अक्षरं काळी करायचं त्याआधीच ठरलं होतं, लाल रंग गाडीच्या इतर रंगांशी विसंगत दिसतो म्हणून. तेव्हा १९३४च्या गाडीवर लाल बॅज दिसला तर तो नंतर कोणीतरी लावलेला समजा. दुसरं, रेडिएटरवरची गुडघे टेकलेली पुतळी १९३४च्या सुरुवातीला आली. तुमच्या गाडीवर उभी किंवा गुडघे टेकलेली, दोन्ही शक्य आहेत. त्यावरून गाडी खोटी ठरवू नका.

आणि आपल्याकडचा धागा सांगायचा तर १९०८ सालची मुंबई ते कोल्हापूर चाचणी. ६२० मैल, वाटेत सहा घाट. रोल्स-रॉइसच्या ४०/५० मॉडेलची 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची गाडी ती बिनबिघाड पार करून गेली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. या कंपनीचं नाव हिंदुस्थानात झालं त्यात आपल्या घाटांचा वाटा आहे.

---

लेथ_आणि_रीमर

ओढून इंजिन सोडवण्याचा विचार आजच सोडा. कारण सांगतो. गंजलेल्या बोअरमध्ये पिस्टन अडकलेला असतो, शिवाय दोन-तीन व्हॉल्व्ह गाइडमध्ये उघडे चिकटलेले असतात. चाकांकडून जोर आला की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळ्या) वाकतात, पिस्टनच्या कडा फुटतात, आणि रिंगा बोअरला उभ्या चिरा पाडतात. स्टार्टरलाही हात लावू नका.

क्रम असा ठेवा.

सगळे प्लग काढा. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून सहाही सिलिंडरांचे फोटो घ्या. आता ती पाचशे-हजार रुपयांची मोबाइलला जोडायची वायर चालते, वेगळं यंत्र लागत नाही. मग व्हॉल्व्ह कव्हर काढून रॉकर शाफ्ट अख्खा उतरवा. पुशरॉड एकेक बाहेर काढून नंबर घालून पुठ्ठ्यात खोचून ठेवा. आता व्हॉल्व्ह अडकलेले असले तरी क्रँक फिरवताना काही वाकणार नाही. ही पायरी लोक गाळतात आणि पुशरॉड शोधत बसतात.

प्रत्येक सिलिंडरमध्ये साठ-सत्तर मिली ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात ओता. हे दोन्ही एकमेकांत नीट मुरत नाहीत, म्हणून ओतण्याआधी बाटली हलवा. ॲसिटोन पेट घेतं. गोठ्यात चारा असेल तर आधी हलवा, बल्ब आणि विडी लांब. प्लगच्या भोकांवर कापडाचे बोळे. दर दोन दिवसांनी थोडं पुन्हा. दहा-बारा दिवसांनी हॅंडल लावून फक्त हाताच्या जोराने पुढे-मागे हलवून बघा. दोन मिलिमीटर हललं तरी जिंकलात. तिथेच थांबा, पुन्हा तेल, पुन्हा दुसऱ्या दिवशी. हॅंडलला पाइप लावून लांबी वाढवायची नाही.

सुटलं तरी चालू करायचं नाही, आणि याचं कारण ऑइल आहे. या क्रँकच्या पिनी आतून पोकळ असतात आणि दोन्ही बाजूंनी टोप्या घालून बंद केलेल्या असतात. ऑइल त्या पोकळीतून बेअरिंगला जातं. फिरताना जड कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन पोकळीत थापला जातो. नव्वद वर्षांचा थर तिथे खडूसारखा घट्ट बसलेला असतो. तुम्ही आजचं डिटर्जंट असलेलं मल्टिग्रेड घातलंत की तो थर सुटतो आणि नेमका ऑइलच्या भोकात जाऊन बसतो. मग व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंग वितळते. तेव्हा संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खाली उतरवा, पंपाची जाळी धुवा, एकेक टोपी काढून पिनी आतून स्वच्छ करा. टोप्या परत बसवताना गळती चालत नाही, कारण एका ठिकाणी जरी ऑइल गळलं तरी पुढच्या बेअरिंगचा दाब पडतो. स्प्लिट पिना सगळ्या नव्या. ही सफाई झाली की मग चांगलं खनिज २०डब्ल्यू-५० बिनधास्त वापरा. सफाई न करता गाडी हलवायचीच असेल तर डिटर्जंट नसलेलं एसएई ३०.

संप उघडलाच आहे तर क्रँकच्या पुढच्या टोकाचा स्लिपर फ्लायव्हील बघायला विसरू नका. लांब क्रँकमधली पिळाची थरथर शोषून घेण्यासाठी तो बसवलेला आहे. आत घर्षणाच्या चकत्या असतात, आणि ठरावीक जोर आला की फ्लायव्हीलने थोडं सरकायचं असतं. गाडी उभी राहिली की चकत्या चिकटतात आणि तो क्रँकला जखडून बसतो. इंजिन ठरावीक वेगाला धडधडतं, मालक कार्ब्युरेटर बदलत बसतो, आणि शेवटी क्रँकलाच तडा जातो. सरकण्याचा जोर दांडी लावून स्प्रिंगच्या तराजूने मोजायचा. हाताने 'बरोबर वाटतंय' असं चालत नाही.

पाण्याची बाजू: रेडिएटरमधला तांबडा गाळ हा ब्लॉकच्या गाळाचा नमुना आहे. मागच्या दोन सिलिंडरांभोवतीचं पाण्याचं जॅकेट तळापासून गाळाने भरलेलं असतं, त्यामुळे मीटर सरासरी तापमान दाखवतो आणि मागचा भाग मात्र भाजत असतो. जॅकेटची झाकणं काढून वाकवलेल्या तारेने गाळ खरवडा. नुसतं पाणी मारून हा गाळ निघत नाही. मग लोखंडी भागात लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेलं कोमट पाणी तीन-चार तास, त्यानंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग स्वच्छ पाणी. ॲल्युमिनियमचे भाग त्याआधी सोडवून बाजूला ठेवा.

हेड काढताना स्टड रडवतात. गंजून हेडच्या भोकात घट्ट झालेले असतात. हेड आणि ब्लॉकच्या फटीत छिन्नी ठोकली की गास्केटची बैठक कायमची खराब. गरम करा, भेदक तेल सोडा, थंड होऊ द्या, असं चार-पाच दिवस. नाही सुटलं तर जाड लोखंडी पट्टी हेडला बोल्टने जखडून, स्टडच्या डोक्यावर टेकणाऱ्या स्क्रूने हेड सरळ वर खेचा, प्रत्येक स्क्रू पाव आटा आळीपाळीने. हेड निघालं की पाण्याच्या भोकांभोवतीची झीज आणि दोन व्हॉल्व्ह सीटमधल्या जागेतले तडे बघा. दाबाची चाचणी गरम पाण्याने, १५ पीएसआय पुरे. ही कूलिंग दाबाखाली चालतच नाही, ४० पीएसआय लावून चांगलं हेड फोडू नका.

जुनं गास्केट तांबं आणि ॲस्बेस्टॉसचं असतं. ओलं करून काढा, तोंडाला एफएफपी३ मास्क, हवेचा प्रेशर मारायचा नाही.

---

घाटमाथा

खूप आभार. बोअरस्कोप घातला. १, ३, ६ स्वच्छ. २ आणि ५ मध्ये पिस्टनच्या वर साधारण एक इंचावर गंजाचं कडं. ४ मध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे आणि त्या बोअरमध्ये मातीसारखं काहीतरी. रीबोअर (बोअर कापून मोठा करणं) करावाच लागेल का?

---

लेथ_आणि_रीमर

४ नंबरचा घोळ उघड्या व्हॉल्व्हमुळे आहे. सायलेन्सरमधून दमट हवा आली आणि बहुतेक कुंभारीण माशीने घर केलं. तिथे तेल ओतण्याआधी व्हॅक्यूमच्या नळीने माती ओढून घ्या, नाहीतर चिखल होऊन रिंगांत जाईल.

२ आणि ५ चं कडं आधी हाताने नायलॉनच्या स्क्रबरने आणि तेलाने घासा. ते न घासता पिस्टन वर आणलात तर रिंग तिथे तुटेल. रीबोअरचा निर्णय हेड काढून, बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मापल्यावरच. खड्डे नखाला लागत नसतील तर होनिंग (बोअर दगडाने हलका घासणं) पुरे. फक्त दोन बोअर खराब असतील तर त्या दोघांत ड्राय लायनर (पातळ लोखंडी नळी) घालून मूळ मापावर आणणं हे सहाही मोठे करण्यापेक्षा बरं, कारण ब्लॉक नवा मिळत नाही आणि प्रत्येक रीबोअर त्याचं आयुष्य खातो. पिस्टनचं वजन मात्र सहाहीचं जुळलं पाहिजे, दोन-तीन ग्रॅमच्या आत.

---

दांडी_आणि_पाटा

चॅसिस आणि ब्रेकवर लिहितो.

आधी पाने. या गाडीत व्हिटवर्थ, बीएसएफ आणि बीए या जुन्या ब्रिटिश मापांचे आटे आहेत. मेट्रिक पाना 'जवळपास' बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. व्हिटवर्थ पान्यांचा एक पूर्ण संच घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. जुन्या बाजारात अजून मिळतो. चॅसिसच्या जोडांत काही ठिकाणी निमुळते, रीम केलेल्या भोकांत बसवलेले बोल्ट आहेत. ते ज्या भोकातून निघाले त्याच भोकात परत गेले पाहिजेत. त्यांच्या जागी साधा सरळ बोल्ट घातला तर जोड खेळू लागतो आणि चॅसिस करकरते.

ब्रेक सर्वो: ही रचना मुळात हिस्पानो-सुइझाची. रोल्स-रॉइसने परवाना घेऊन १९२४ पासून ४०/५० वर आणली आणि नंतर लहान गाड्यांवरही. गिअरबॉक्सच्या बाजूला एक चकती संथ गतीने फिरत असते. पेडल दाबलं की तिच्यावर घर्षणाचं अस्तर दाबलं जातं, चकती त्या अस्तराला स्वतःबरोबर ओढते आणि ती ओढ दांड्यांतून चाकांच्या ब्रेकना जाते. मागच्या ब्रेकना पेडलचा थेट जोरही मिळतो. पुढचे मात्र सर्वोवरच अवलंबून. यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. गाडी उभी असताना सर्वो काम करत नाही, म्हणून गोठ्यात पेडल दाबून 'ब्रेक चांगला लागतोय' हे ठरवता येत नाही. आणि अगदी रांगताना ब्रेक किंचित उशिरा लागतो. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. गाडी गॅरेजमध्ये घालताना हात हॅंडब्रेकवर ठेवायची सवय लावा.

नेहमीचा दोष एकच: गिअरबॉक्समधलं तेल शाफ्टच्या बाजूने पाझरून सर्वोच्या अस्तरावर येतं. सर्वो घसरतो, पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी थांबत नाही. लोक मग चाकांच्या दांड्या आवळत सुटतात. आधी सर्वो उघडा. अस्तर तेलाने काळं असेल तर धुऊन उपयोग नाही, नवं लावा आणि तेलाची गळती बंद करा. गिअरबॉक्समध्ये तेल खुणेच्या वर भरलेलं नाही ना, हेही बघा. निम्म्या वेळा कारण तेवढंच असतं.

चाकांच्या ब्रेकला मऊ, विणलेलं, ॲस्बेस्टॉसविरहित अस्तर लावा. आजच्या ट्रकचं कडक अस्तर टिकाऊ म्हणून लावतात. यांत्रिक ब्रेकमध्ये तेवढा दाबच तयार होत नाही, त्यामुळे कडक अस्तर नुसतं घासत राहतं. दांड्यांच्या पिना आणि भोकं झिजलेली असतात. एका जोडात अर्धा मिलिमीटर ढिलाई असली तर दहा जोडांत पेडलचा निम्मा प्रवास तिथेच संपतो. भोकं रीम करून बुश घाला, मगच दांड्यांची लांबी जुळवा. हॅंडब्रेकचे शूज मागच्या ड्रममध्ये वेगळे आहेत, ते गंजून ड्रमला चिकटले असणार. ड्रम हातोड्याने ठोकू नका, ॲडजस्टर पूर्ण ढिला करून पुलरने काढा.

वंगण: निपलांत ग्रीस भरणं हा या गाड्यांवरचा सगळ्यात मोठा अत्याचार. सगळे मार्ग तेलासाठी बनवलेले आहेत. ग्रीस वाळून खडा होतो आणि पिना कोरड्या झिजतात. ज्या गाड्यांत पायाने दाबायचा मध्यवर्ती पंप आहे त्यांत प्रत्येक टोकाला थेंब मोजणारा प्लग असतो. तो तारेने टोचून 'मोकळा' करायचा नाही. भोक मोठं झालं की सगळं तेल तिथूनच जातं आणि बाकीचे सांधे उपाशी. पंपातली फेल्टची गाळणी बदला, नळ्या सोडवून हवेने मोकळ्या करा. पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगांवरची) चामड्याची वेष्टणं काढून पाटे सुटे करा. पाट्यांमधल्या गंजामुळे गाडी बैलगाडीसारखी आदळते.

टायर १९ इंची, ६.०० मापाचे. चाकावरच्या झाकणचकत्या काढल्याशिवाय आरे आणि रिमचा गंज दिसत नाही, तेव्हा त्या काढाच.

---

सुतारशाळा

लाकडाबद्दल. मूळ सांगाडा ॲश लाकडाचा आहे. ॲश चिवट, वाफेवर वाकतं, धक्का पचवतं. पण वाळवीला त्याच्यात काहीच प्रतिकार नाही. सागाबद्दल माझं मत: सरळ, खालच्या, ओल लागणाऱ्या भागांना, म्हणजे उंबरे आणि फळीच्या आधाराचे आडवे तुकडे यांना साग चालेल. दारांचे वळणदार खांब आणि छताच्या कमानी यांना नको. साग वळणात आखूड रेषेवर तुटतो. तिथे एकतर आयात केलेली ॲशची फळी, नाहीतर आपली धामण. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि गाडीच्या जुवाला धामण का वापरतात ते सुताराला विचारा, तोच गुण इथे लागतो. लाकडात ओल १० ते १२ टक्के, त्याहून जास्त असलं तर उन्हाळ्यात सांधे सुटणार.

साग वापरलाच तर चिकटवण्याआधी सांधा ॲसिटोनने पुसा आणि पंधरा मिनिटांत इपॉक्सी लावा. सागातलं तेल पुन्हा वर आलं की गोंद धरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: बॉडी चॅसिसवरून उतरवून सांगाडा दुरुस्त करू नका. चॅसिस सपाट आधारांवर ठेवा, सर्व दारं बंद करून दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्यांचा तिरपा आधार वेल्ड न करता स्क्रूने जखडा, आणि एका वेळी एकच खांब बदला. बॉडी खाली घेऊन केलेलं काम परत चढवलं की दारांच्या फटी वर तीन मिलिमीटर आणि खाली दहा अशा निघतात, आणि मग कोणीतरी लांबी (पुट्टी) भरून झाकतो. बॉडीच्या बोल्टखाली पातळ पॅकिंगचे तुकडे सापडतील. कुठल्या बोल्टखाली किती, याची चिठ्ठी करा. दारं बसतात ती त्या तुकड्यांमुळे.

काढलेला कुजका तुकडा फेकू नका. भुगा झाला असला तरी पातळ इपॉक्सी पाजून घट्ट करा, तोच नवीन तुकड्याचा साचा. जे लाकूड राहणार आहे त्याला बोरॅक्स दीड भाग आणि बोरिक आम्ल एक भाग, असं पाच-सहा टक्क्यांचं कोमट पाण्यातलं द्रावण दोन हात, पूर्ण वाळल्यावर. वाळवी बाहेरून आली आहे, तेव्हा गोठ्याच्या जमिनीचाही बंदोबस्त करा.

---

पत्रा_आणि_रंग

सुतारशाळा यांच्याशी एका बाबतीत मतभेद. उंबऱ्यालासुद्धा सागाऐवजी ॲशच ठेवावं, बोरॉन पाजून. कार्ड, पट्टी आणि लाकूड जुळलेली गाडी उद्या कोणी तपासायला आलं तर मूळ जातीचं लाकूड मोलाचं ठरतं. बाकी सगळं मान्य.

ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडाच्या कडेवर दुमडून लोखंडी चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठोकलेला असतो. ओल, लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की चुकेभोवती पांढरी पूड दिसते आणि पत्रा चाळणी होतो. दुमड उघडण्याआधी पत्रा मऊ करून घ्या, नव्वद वर्षांत तो कडक झालेला असतो आणि सरळ उघडला तर कडेला तडकतो. कडेवर अंघोळीचा साबण घासा, गॅसच्या मंद ज्योतीने मागून शेकत जा, साबण गडद तपकिरी झाला की ज्योत काढा. त्यापुढे शेकत राहिलात तर पत्रा वितळू शकतो, आणि ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. परत बसवताना स्टेनलेस स्क्रू, आणि लाकूड व पत्रा यांच्यामध्ये मेणाचा कपडा किंवा बारीक टेप.

त्या काळी नायट्रोसेल्युलोज रंग असे. आजचा टू-पॅक (दोन घटक मिसळून मारायचा रंग) टिकतो, पण त्याची काचेसारखी चकाकी या बॉडीला परकी दिसते. सेल्युलोज करणार असाल तर ॲल्युमिनियमवर एच प्रायमर (पत्र्याला धरून बसणारा आम्लयुक्त पहिला हात), मग आठ-दहा पातळ हात, दर दोन-तीन हातांनंतर घासाई. जाड थर दिलात तर दोन वर्षांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. जून ते सप्टेंबर रंगाचं काम बंद ठेवा, दमट हवेत सेल्युलोजवर पांढरट सायीसारखा धूर चढतो. रेडिएटरचं बाहेरचं कवच मशिनच्या बफवर देऊ नका. त्याच्या सपाट दिसणाऱ्या बाजू किंचित फुगीर घडवलेल्या आहेत आणि कडा हाताने घासून काढलेल्या. एका दुपारच्या बफिंगने त्या कडा जातात आणि परत येत नाहीत.

---

लेथ_आणि_रीमर

पेट्रोलचा प्रश्न राहिला होता. कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की ऑक्टेनची चिंता नाही, आजचं साधं पेट्रोलही गरजेपेक्षा जास्त आहे. अडचण इथेनॉलची, कारण आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्याने टाकीतला जुना वार्निश आणि गंज सुटून येतो, रबरी नळ्या फुगतात, कॉर्कच्या वस्तू आणि शेलॅकने बसवलेले सांधे मोकळे होतात. शिवाय ते ओल शोषतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथे गंज धरतो. निवडक पंपांवरच्या १०० ऑक्टेन पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. घरी तपासायचं तर उभ्या काचेच्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा. पाण्याचा थर १० मिलीच्या वर वाढला तर तेवढं इथेनॉल आहे.

ऑटोव्हॅक (इंजिनकक्षातली ती उभी टाकी) इंजिनाच्या निर्वातावर मागच्या टाकीतून पेट्रोल ओढते आणि वरून कार्ब्युरेटरला सोडते. चढावर गाडी गुदमरते तेव्हा ९० टक्के लोक कार्ब्युरेटर उघडतात, पण दोष इथे असतो: झाकणाचं गास्केट हवा खातं, खालची झडप नीट बसत नाही, किंवा पितळी तरंगाला सुईएवढं भोक पडून तो जड होतो. तरंग गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तिथे डाख. डाख कमीत कमी, वजन वाढलं तर पातळी चुकते. बऱ्याच दिवसांनी गाडी काढताना ऑटोव्हॅक रिकामी असते. वरच्या प्लगमधून पाव लिटर पेट्रोल घालूनच चालू करा, नाहीतर बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर फिरवत बसाल.

---

डर्बीचा_कारखाना

नोंदणी. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली बिगर-व्यापारी गाडी तिच्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००, मुदत दहा वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. जुनी नोंदणी वैध असेल तर तोच नंबर ठेवता येतो, आणि माझा सल्ला तोच आहे. मुंबई प्रांताच्या काळातला नंबर हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. व्हीए नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांसाठीच.

म्हणूनच इंजिन काढून डिझेल बसवायचा सल्ला कोणी देत असेल तर तो सरळ नाकारा. मूळ इंजिन गेलं की गाडी या तरतुदीतूनही बाहेर जाते. अर्ज करण्याआधी चॅसिस पट्टीचा आणि इंजिन नंबरचा पेन्सिल-ठसा कागदावर उमटवून घ्या, आणि रंगाच्या कामात त्या दोन्ही जागांवर टेप लावून ठेवायला कारागिराला बजावून सांगा.

---

घाटमाथा

पेन्सिल-ठसे आजच घेतले. रॉकर शाफ्ट उतरवला, पुशरॉड पुठ्ठ्यात आहेत. ४ नंबरमधली माती ओढून घेतली, आता तेल मुरत ठेवलं आहे. एक शंका: रॉकर शाफ्टमधली ऑइलची भोकं बंद दिसतात, ती ड्रिलने उघडू का?

---

लेथ_आणि_रीमर

ड्रिल नको. शाफ्टच्या टोकाचे प्लग काढा, केरोसीनमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, मग तांब्याच्या मऊ तारेने. स्टीलच्या ड्रिलने भोक मोठं झालं तर वरच्या बाजूला जास्त ऑइल येतं, गाइडमधून खाली उतरतं आणि सायलेन्सर निळा धूर सोडतो. शाफ्टवर जिथे रॉकर फिरतो तिथे खालच्या बाजूला बोट फिरवा. पायरी लागली तर शाफ्ट नवा करावा लागेल, आणि रॉकरचे बुश त्याच मापाला रीम करून घ्यावे लागतील.